मिडनाइट ब्लू : ‘छान आहे, पण हा ब्लूज आहे का?’

आज एकच अल्बम, आणि त्याच्याभोवती साठ वर्षं चाललेलं एक भांडण. अल्बमचं नाव ‘मिडनाइट ब्लू’, गिटारवादक केनी बरेल, कंपनी ब्लू नोट, साल १९६३. जमलं तर एपिसोड थांबवा आणि आधी त्यातला पहिला ट्रॅक ऐकून या, ‘चिटलिन्स कॉन कार्ने’. साडेपाच मिनिटांचा आहे. लोकलमध्ये लटकत असाल तर राहू दे, नंतर ऐका.

बरेल हा जॅझवाला, आणि अल्बम जवळपास सगळा ब्लूजचा. भांडण इथूनच सुरू होतं. हा अल्बम ऐकलेले लोक मला कायम तीन गटांत भेटतात.

पहिला गट रॉककडून आलेला. स्टीव्ही रे वॉननं ‘चिटलिन्स कॉन कार्ने’ वाजवलं होतं, ते त्याच्या मृत्यूनंतर १९९१ मध्ये ‘द स्काय इज क्राइंग’ या अल्बममध्ये आलं. ते ऐकून पोरं मूळ शोधत बरेलपाशी येतात आणि गोंधळतात. हा माणूस तार ओढत नाही, आवाज फाटू देत नाही, अँप भडकवत नाही. मग ब्लूज कुठाय? त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, हा फारच इस्त्री केलेला ब्लूज आहे.

दुसरा गट कट्टर जॅझवाल्यांचा. यांची तक्रार बरोबर उलटी. अल्बम सोपा आहे. तीन कॉर्ड, तेच तेच आवर्तन, कुठे अवघड वळण नाही. त्याच काळात कोल्ट्रेन कुठे पोचला होता बघा, आणि हे काय?

तिसरा गट सगळ्यात मोठा. ‘रात्री अकरानंतर, दिवे मंद करून, हातात ग्लास.’ यातच महागड्या स्पीकरवाले येतात. रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ आहे की नवीन सिस्टिम घेतली की हाच अल्बम लावून कोंगाचं चामडं कसं ऐकू येतं ते तपासतात. हे लोक मनापासून कौतुक करतात. पण खरं सांगू? बरेलवर सगळ्यात जास्त अन्याय मला या तिसऱ्या गटाचा वाटतो. पहिले दोन निदान ऐकून भांडतात तरी. तिसऱ्यांनी त्याचा पडदा करून खिडकीला लावलाय.

आता जरा मागे जाऊ.

केनी बरेल ३१ जुलै १९३१ ला डेट्रॉइटमध्ये जन्मला. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून, तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यांतून सुटून लाखो कृष्णवर्णीय माणसं विसाव्या शतकात उत्तरेकडच्या कारखान्यांत आली, त्यांचा एक मोठा मुक्काम इथे होता. येताना त्यांनी गाणं आणलं. हेस्टिंग्ज स्ट्रीट नावाचा रस्ता त्या वस्तीचा कणा होता. दुकानं, बार, क्लब, सगळं तिथे. जॉन ली हुकर डेट्रॉइटच्या कारखान्यांत काम करता करता इथेच वाजवायचा, आणि १९४८ मध्ये त्यानं ‘बूगी चिलन’ रेकॉर्ड केलं. पुढे या रस्त्यावरून क्रायस्लर फ्रीवे नेला आणि वस्ती पाडली. आज तिथून गाड्या धावतात. ज्या शहरानं गाड्या बनवल्या, त्याच शहरातल्या वस्तीचं असं झालं.

म्हणजे बरेलला ब्लूज ‘शिकायला’ कुठे जावं लागलं नाही, तो गल्लीत होता. पण त्याच शहरात जॅझचंही प्रचंड वारं होतं. १९५१ मध्ये, विशीत, तो डिझी गिलेस्पीबरोबर रेकॉर्ड करत होता. तरीही शिक्षण सोडलं नाही, १९५५ मध्ये आजच्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीतून संगीताची पदवी घेतली आणि १९५६ मध्ये न्यू यॉर्क गाठलं. हा पदवीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

८ जानेवारी १९६३. जागा न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्सचा स्टुडिओ, मालक आणि इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर. हा माणूस मुळात डोळे तपासून चष्मे देणारा ऑप्टोमेट्रिस्ट. वर्षानुवर्षं दिवसा चष्मे आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग. १९५९ मध्ये हा स्टुडिओ बांधला तेव्हा कुठे पूर्णवेळ यात आला. (साइड प्रोजेक्ट करणाऱ्या माझ्या तमाम मित्रांनो, नोंद घ्या.)

मंडळी पाच. बरेल गिटारवर, टेनर सॅक्सोफोनवर स्टॅनली टरेंटाइन, बासवर मेजर हॉली, ड्रम्सवर बिल इंग्लिश आणि कोंगावर रे बरेट्टो. पियानो नाही. हे महत्त्वाचं आहे. पियानो असला की तो कॉर्डांनी मधली जागा भरत राहतो. इथे ती जागा रिकामी सोडलीये. बरेल दोन-चार सूर टाकतो आणि थांबतो. त्या थांब्यात कोंगा ऐकू येतो, बास ऐकू येतो. तिसऱ्या गटाला जे ‘शांत’ वाटतं ते हेच, पण ही शांतता पाच जणांनी मिळून राखलेली आहे. तुम्ही कधी पाच जणांच्या मीटिंगमध्ये बसला असाल तर ते किती अवघड आहे हे वेगळं सांगायला नको.

आता त्या ट्रॅकचं नाव. चिटलिन्स म्हणजे डुकराची आतडी. गुलामगिरीच्या काळात चांगलं मांस मालकाच्या ताटात जायचं आणि आतडी, पाय, कान गुलामांच्या वाट्याला यायचे. त्यांनी त्याचंच चविष्ट जेवण केलं. आपल्याकडे वजडी खाणाऱ्यांना हे लगेच कळेल. आणि वजडीला नाक मुरडणारे कोण असतात हेही कळेल. ‘कॉन कार्ने’ हे स्पॅनिश, ‘मांसासकट’. म्हणजे नावातच दक्षिणेतलं कृष्णवर्णीय स्वयंपाकघर आणि स्पॅनिश बोलणारा शेजार एका भांड्यात. आणि कोंगावर कोण? पोर्तो रिकोहून आलेल्या आईबापांचा, न्यू यॉर्कमध्ये जन्मलेला रे बरेट्टो. दिवाणखान्यातल्या मंद दिव्यांसाठी अल्बम करणारा माणूस पहिल्याच ट्रॅकला आतड्यांचं नाव देईल का, तुम्हीच सांगा.

जॅझवाल्यांच्या ‘सोपं आहे’ या तक्रारीकडे येऊ. ब्लूजचा नेहमीचा साचा १२ बारचा. प्रत्येक बारमध्ये ४ ठोके, म्हणजे ४८ ठोक्यांचं एक आवर्तन. पहिले चार बार घरच्या कॉर्डवर, मग दोन बार चौथ्या कॉर्डवर जाऊन दोन बार घरी, आणि शेवटच्या चारात पाचव्यावर ताण घेऊन परत घरी. संपलं. पुन्हा सुरुवात. आम्ही याला लूप म्हणू. पण खयाल ऐकणाऱ्याला हे नवीन नाही. विलंबित एकतालही १२ मात्रांचा, आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग मोजले तर तेही ४८च. बंदिशीचे शब्द दोन ओळी. तिथे आपण म्हणतो का, ‘बुवा, परत समेवर आले, काय हा सोपेपणा’? साचा ठरलेला असतो म्हणूनच आत काय भरलं ते ऐकू येतं.

बाय द वे, असाच तोरा आपल्याकडेही आहे. ठुमरीला आपण ‘उपशास्त्रीय’ म्हणतो. त्या ‘उप’मध्ये सगळं आलं. अब्दुल करीम खाँसाहेब, आपल्या मिरजेचे, खयालाचे एवढे मोठे गवई, पण सामान्य माणसाच्या ओठावर राहिली ती त्यांची झिंझोटीतली ठुमरी. म्हणून ते कमी झाले का?

आता पहिल्या गटाचा प्रश्न. हा सगळ्यात गंभीर आहे, कारण त्यात ‘खरा ब्लूज’ कोणाचा हे ठरवण्याचा हक्क गुंतलाय. आपल्याकडच्या पोरांनी ब्लूज कुठे ऐकला? बऱ्याच जणांनी यूट्यूबवर, आणि मुंबईकरांनी वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये. २०११ मध्ये पहिल्याच वर्षी तिथे बडी गाय आला होता. ओरडणारी, रडणारी, ताणलेली गिटार. तोच आपला नमुना झाला. पण १९६३ मध्ये हाच बडी गाय काय करत होता, ऐका.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये शिकागोत मडी वॉटर्स एक अल्बम रेकॉर्ड करत होता, ‘फोक सिंगर’. मडी म्हणजे इलेक्ट्रिक ब्लूजचा बाप. या अल्बमवर मात्र तो साधी, बिनविजेची गिटार घेऊन बसला, आणि सोबत दुसरी साधी गिटार वाजवायला तरुण बडी गाय. का? कारण तेव्हा कॉलेजातल्या गोऱ्या श्रोत्यांना ‘अस्सल’ ब्लूज हवा होता, आणि अस्सल म्हणजे त्यांच्या मते जुना, खेड्यातला, वायर नसलेला. मिसिसिपी जॉन हर्ट नावाचा विस्मृतीत गेलेला म्हातारा गायक त्याच १९६३ मध्ये शोधून काढला गेला आणि न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलच्या मंचावर उभा राहिला. तो अप्रतिमच होता, वाद नाही. पण जॉन ली हुकरसारख्या शहरी, इलेक्ट्रिक वाजवणाऱ्यालाही १९५९ मध्ये साधी गिटार देऊन ‘कंट्री ब्लूज’चा अल्बम करायला लावलं गेलं, ते याच बाजारासाठी.

आणि मडीचा इंग्लंडमधला किस्सा तर भारीच आहे. १९५८ मध्ये तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन गेला, लोक दचकले, एवढा आवाज? हा कसला ब्लूज? मग १९६३ मध्ये तो शहाण्यासारखा साधी गिटार घेऊन गेला. तोवर तिथली पोरं इलेक्ट्रिकच्या प्रेमात पडली होती आणि तीच नाराज झाली. प्रॉडक्टवाल्यांना ही व्यथा चांगलीच ठाऊक असेल. रिक्वायरमेंट बदलली, सांगितलं कोणी नाही.

तर ‘खरा ब्लूज’ ही व्याख्या दर पाच वर्षांनी बदलत होती, आणि बदलणारे बहुतेक वेळा वाजवणारे नव्हते. एक गोष्ट मात्र कायम राहिली. ब्लूजवाला गरीब हवा, अशिक्षित हवा, दुखावलेला हवा, आणि ते दुखणं मोठ्यानं दिसायला हवं. इथे बरेलची पदवी आड येते. सूट घातलेला, नोटेशन वाचणारा, कॉलेजात शिकलेला डेट्रॉइटचा कृष्णवर्णीय माणूस ब्लूज वाजवतो तेव्हा लोकांना तो ‘इस्त्री केलेला’ वाटतो. म्हणजे त्याच्या माणसांनी कारखान्यांत घाम गाळून पोरांना शिकवायचं, आणि पोरगा शिकला की त्याच्या घरच्याच गाण्यावरचा हक्क काढून घ्यायचा? आपल्याकडेही एखाद्याच्या शाहिरीला किंवा कवितेला ‘आता शहरी झाली’ म्हणणारे असतात. म्हणणारे स्वतः कुठे राहतात ते विचारायचं नसतं.

योगायोग बघा, अमिरी बराका, तेव्हाचे लेरॉय जोन्स, यांचं ‘ब्लूज पीपल’ हे पुस्तकही १९६३ चंच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास त्यांच्या संगीताच्या बदलांतून वाचता येतो, हा त्या पुस्तकाचा गाभा. तो धागा धरला तर ‘मिडनाइट ब्लू’ हा शेतातून कारखान्यात आणि कारखान्यातून कॉलेजात गेलेल्या पिढीचा ब्लूज आहे. त्याला शेतातल्यासारखं वाजवायला सांगणं म्हणजे त्याला परत शेतात धाडणं.

याचा अर्थ अल्बममध्ये सगळंच थोर आहे असं नाही. ‘सॅटरडे नाइट ब्लूज’ मला थोडं लांबल्यासारखं वाटतं. आणि वॉनचं ‘चिटलिन्स’ मला आवडतं, अगदी मनापासून. पण तो सूर पकडून हलवतो, बरेल सूर सोडून देतो. दोन वेगळे स्वभाव आहेत.

अल्बमचं कव्हर रीड माइल्सचं, निळ्या रंगातलं. १९८१ मध्ये एल्विस कॉस्टेलोनं नॅशव्हिलला जाऊन कंट्री गाण्यांचा अल्बम केला, ‘ऑलमोस्ट ब्लू’, आणि त्याचं कव्हर सरळ याच्यावर बेतलं. कंट्रीवाल्यांच्या अंगणातही हा निळा रंग पोचला. बरेल स्वतः पुढे कॅलिफोर्नियात यूसीएलए या विद्यापीठात शिकवायला लागला, १९७८ पासून ड्यूक एलिंग्टनच्या संगीतावरचा एक अख्खा कोर्स त्यानं चालवला, आणि १९९६ मध्ये तिथला जॅझ विभाग उभा केला. शिकलेला माणूस शेवटी शिकवायला बसला.

जाता जाता एक काम देतो. या अल्बममधला तिसरा ट्रॅक, ‘सोल लमेंट’. पावणेतीन मिनिटं, फक्त गिटार, सोबत कोणी नाही. चालताना, भांडी घासताना नको. बसून ऐका, आणि ऐकल्यावर तुम्ही तीनपैकी कुठल्या गटात आहात ते कळवा. चौथा काढला तर फारच उत्तम. पुढच्या एपिसोडला भेटू.