वाटाड्या आणि उतारा



आपल्या शहरांतील पुष्कळ सुखवस्तु कुटुंबें हल्लीं केनिया, टांझानिया या पूर्व आफ्रिकेंतील देशांत वन्य पशु पाहण्यासाठीं जातात. निघण्यापूर्वीं कित्येक महिने घरांत खल चालतो. मुक्कामाचें ठिकाण नदीकांठीं आहे कीं उघड्या माळावर, वाटाड्या त्याच मुलखांत जन्मलेला आहे कीं नाहीं, त्याला जनावरांच्या पावलांची पारख किती, हें सारें बारकाईनें विचारलें जातें. आणि तें योग्यच आहे. परंतु हींच मंडळी एखाद्या रविवारीं पहांटे उठून राजगड किंवा तोरणा चढावयास निघतात, तेव्हां उतरावें कोठें आणि बरोबर कोणाला घ्यावें हे दोन प्रश्न त्यांच्या मनाला शिवत नाहींत. गड आपलेच, मग वाटाड्या कशाला, अशी समजूत असते. भोर आणि वेल्हें या डोंगरी मुलखांत परक्या माणसाला उतारा कोण देई, वाट कोण दाखवी, आणि त्या दाखविणाराच्या पदरांत काय पडे, हें आज आपणांस सांगावें असा माझा विचार आहे.

'सफारी' हा शब्द आपणांस वाटतो तितका परका नाहीं. तो स्वाहिली भाषेंतला आहे, आणि स्वाहिलींत तो आला अरबी 'सफर' या शब्दावरून. तीच सफर फारसीच्या वाटेनें आपल्या मराठींत येऊन राहिली. शब्द एकाच घरचा. रीतहि पुष्कळशी एकच. पण तें पुढें येईल.

प्रथम हा मुलूख ध्यानांत घ्यावा. पुण्याहून दक्षिणेस निघून नसरापुरावरून पश्चिमेस वळलें कीं गुंजवणी आणि कानंदी या नद्यांचीं खोरीं लागतात. एका अंगास राजगड, पलीकडे तोरणा. दक्षिणेस भोर, त्याच्या माथ्यावर रोहिडा, आणि आणखी पुढें रायरेश्वराचें विस्तीर्ण पठार. तोरण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ४६०० फूट; पुणें जिल्ह्यांतला हा सर्वांत उंच किल्ला. १६४६ च्या सुमारास शिवाजी महाराजांनीं तो घेतला, आणि मग समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधून सुमारें पंचवीस वर्षें तेथून राज्य चालविलें. एवढें आपण सर्व शाळेंत शिकलेले आहोंत. मीं स्वतः तें मुलांकडून किती वेळां पाठ करून घेतलें असेल याची गणती नाहीं.

पण पाठ करून घेतांना एक गोष्ट आम्हां शिक्षकांकडून मुलांना क्वचितच सांगितली जाते. हे किल्ले परक्या माणसाला वाट सांपडूं नये याच हेतूनें रचलेले आहेत. रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र ज्यांनीं वाचलें आहे त्यांना त्यांतील दुर्गांचें प्रकरण आठवत असेल. गडावर जाण्याचा मार्ग सोपा असूं नये, असल्यास तो अवघड करावा, भोंवतीं झाडी वाढवावी, आणि अडचणीच्या प्रसंगासाठीं चोरवाटा राखाव्या, असा त्याचा आशय आहे. राजगडाकडे पाहिलें म्हणजे हा उपदेश दगडांत उतरलेला दिसतो. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या तीन दिशांना पसरलेल्या, आणि मधोमध उभ्या कड्यावर बालेकिल्ला. पाली दरवाज्याची वाट पायऱ्यांची व त्या मानानें सुलभ. गुंजवण्याकडून येणारी वाट चोरदरवाज्याची, आणि ती नांवाप्रमाणेंच शेवटपर्यंत दृष्टीस पडत नाहीं. म्हणजे येथें वाट चुकणें हा प्रवाशाचा हलगर्जीपणा नव्हे. ज्यानें किल्ला बांधला त्याचीच ती इच्छा होती!

मग वाट ठाऊक कोणाला असे? ज्यांच्या हातीं ती सोंपविलेली असे त्यांना. किल्ल्याच्या भोंवतालच्या मुलखाला घेरा म्हणत, आणि डोंगराच्या उतारावर ठिकठिकाणीं जीं पाहऱ्याचीं ठाणीं असत त्यांना मेटें म्हणत. तेथें कोळी, रामोशी, महार, बेरड या जातींचे लोक पिढ्यानपिढ्या राहत. वर आलेला मनुष्य कोण, तो कोणत्या वाटेनें आला, पाणी कोठें आहे, कोणत्या घळींतून रात्रीं उतरतां येतें, हें ज्ञान बखरींत लिहिलेलें नसे, कागदावर काढलेलें नसे. तें त्यांच्या पायांत होतें. खोऱ्यांचे देशमुख आपणांस नांवानिशीं माहीत आहेत: रोहिडखोऱ्यांत जेधे, हिरडस मावळांत बांदल, गुंजण मावळांत शिळीमकर, मोसे खोऱ्यांत पासलकर. मेटावरच्या माणसांचीं नांवें मात्र इतिहासाला फारशीं ठाऊक नाहींत.

या ज्ञानाची किंमत शत्रूलाहि कळली होती. १७०४ सालीं औरंगजेब बादशहा स्वतः या डोंगरांत आला. फेब्रुवारींत राजगड त्याच्या हातीं लागला आणि मार्चांत त्यानें तोरण्यावर मोर्चा वळविला. बादशहाजवळ तोफा होत्या, द्रव्य होतें, अफाट लष्कर होतें. तरी तोरणा पडला तो कसा? अमानुल्लाखान नांवाच्या सरदारानें थोडे मावळी प्यादे बरोबर घेतले, आणि रात्रीच्या काळोखांत ते दोराच्या शिडीनें कडा चढून गेले. दिल्लीच्या पातशहालाहि अखेर मावळचा मनुष्यच पुढें घालावा लागला. मावळ्यांविरुद्ध मावळे, ही गोष्ट ऐकावयास कडू आहे खरी. परंतु त्या कड्यावर दुसऱ्या कोणाचा पाय ठरलाच नसता.

राजकारणाचे दिवस सरले, पंतसचिवांचें संस्थान भोरास स्थिर झालें. त्या संस्थानाच्या पांच तालुक्यांपैकीं चारांना किल्ल्यांचींच नांवें होतीं: रोहिड्याचा विचित्रगड, तोरण्याचा प्रचंडगड, तसेच राजगड आणि सुधागड, पांचवा पवनमावळ. गड ओस पडले तरी वसूल त्यांच्याच नांवानें होत राहिला. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें.

त्या काळीं या भागांतून कोणी अंमलदार, व्यापारी किंवा यात्रेकरू जाऊं लागला म्हणजे त्याची सोय गांव लावी. उतारा देवळांत, चावडींत किंवा धर्मशाळेंत. थोर माणूस असला तर पाटलाच्या ओसरीवर. घाट उतरणारे लोक वेळ पाहून थांबत. भोराहून महाडास जाणाऱ्या वरंध घाटांत वाघजाईचें देऊळ आहे. देवीचें नांवच सांगतें कीं त्या वाटेवर माणसाला कशाचें भय वाटत असे. आफ्रिकेंत सिंह, येथें वाघ. वाघ आतां या बाजूला राहिला नाहीं, पण बिबट्या आहे, भेकर आहे, आणि नशीब असल्यास उंच झाडावर शेकरूहि दिसतें.

आणि वाट दाखवावयास येई तो बहुधा गांवचा वेसकर महार. येथें थोडें थांबलें पाहिजे. हा वाटाड्या स्वखुशीनें आलेला नसे. सरकारी मनुष्य आला कीं त्याचें ओझें उचलणें, त्याला पुढच्या गांवच्या शिवेपर्यंत पोंचविणें, रात्र असो कीं पाऊस असो, हें त्याचें वतनी काम होतें. मोबदला म्हणजे वतनाच्या जमिनीचा तुकडा आणि खळ्यावरचें बलुतें; रोख मजुरी नाहीं, नकार देण्याचा अधिकार नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९ मार्च १९२८ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत वतनाच्या कायद्याला दुरुस्तीचें बिल मांडलें तें याच गुलामगिरीवर. तें त्या वेळीं तडीस गेलें नाहीं. हीं कनिष्ठ वतनें रद्द झालीं तीं पुढें १९५८ च्या कायद्यानें. जुन्या प्रवासवर्णनांत 'गांवांतून एक माणूस घेतला' असें एक वाक्य असतें. त्या एका वाक्यांत केवढी वेठ दडलेली आहे हें वाचतांना आपल्या लक्षांत येत नाहीं.

आफ्रिकेंतहि हेंच घडलें, आणि त्याचा धागा आपल्या प्रांतापर्यंत येतो. बर्टन आणि स्पीक हे इंग्रज प्रवासी १८५७ सालीं मध्य आफ्रिकेंतील सरोवरें शोधावयास निघाले तेव्हां त्यांच्याबरोबर सिदी मुबारक नांवाचा मनुष्य होता. तो मूळचा याओ जातीचा. लहानपणीं गुलाम करून त्याला पश्चिम हिंदुस्थानांत आणलें होतें. धन्याच्या मृत्यूनंतर मोकळा होऊन तो झांजीबारास परतला, आणि 'बाँबे' हें उपनांव त्याला कायमचें चिकटलें. पुढें स्टॅन्ले व कॅमेरन यांनींहि त्यालाच बरोबर घेतलें. तसेच नाशिकचे. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्यें शिकत. १८६६ सालीं लिव्हिंग्स्टननें त्यांतले नऊ तरुण बरोबर नेले. १ मे १८७३ रोजीं तो अरण्यांत मरण पावला, तेव्हां चुमा, सुसी इत्यादि अनुयायांनीं त्याचें शव शेंकडों कोस वाहून समुद्रकिनाऱ्यास आणलें. नाशिकांत शिकलेला जेकब वेनराइट त्या शवाबरोबर लंडनपर्यंत गेला. सरोवरांना आणि धबधब्यांना नांवें मात्र गोऱ्या लोकांनीं आपल्या राजाराण्यांचीं दिलीं!

आतां आपल्याकडे वळूं. २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला त्यांत राजगड आहे. गर्दी वाढते आहे. अशा वेळीं उतारा आणि वाटाड्या कसा निवडावा हें मुलांच्या तुकड्या घेऊन तीसेक वर्षें या भागांत हिंडलेला मनुष्य म्हणून मी सांगूं शकतों.

वाटाड्या ज्या बाजूनें चढावयाचें त्याच बाजूच्या पायथ्याचा असावा. गुंजवण्याच्या माणसाला चोरदरवाज्याची वाट डोळे मिटून येईल; पालीच्या बाजूचें तो ऐकून सांगेल. शहरांतून बरोबर आणलेला हुशार तरुण कितीहि वाकबगार असो, कालच्या पावसानें कोणती पाऊलवाट खचली हें त्याला कळलेलें नसतें. दुसरें असें, कीं चांगला वाटाड्या आधीं आपणच प्रश्न विचारतो: पाणी किती घेतलें, बरोबर वयस्क कोणी आहे काय, उतरणार केव्हां. आणि तिसरी खूण सर्वांत मोठी. ती म्हणजे तो 'नको' म्हणूं शकतो. श्रावणांत बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांवर ढग बसला असतां, किंवा कारवीनें वाटेची कड झांकली असतां, पैशाच्या लोभानें जो पुढें चालूं लागतो त्याच्यामागून जाऊं नये. कोणत्या कड्याला आग्यामोहोळ लोंबतें आहे, आणि तेथून जातांना धूर, अत्तर व आरडाओरडा कां टाळावा, हेंहि त्यालाच ठाऊक. तो ज्या इतिहासकथा सांगतो त्या मात्र कथा म्हणूनच ऐकाव्या. खजिन्याचीं भुयारें प्रत्येक गडावर असतात!

एकदां बारा वाजून गेल्यावर मी मुलांना घेऊन गुंजवण्यास पोंचलों. ज्या घरचा मुलगा वाट दाखवावयास येणार होता त्याची आजी ओट्यावर आली आणि म्हणाली, "गुर्जी, आतां चढूं नगा. उतरतांना काळोख हुईल. पोरं हितंच पडूं द्या, मी भाकरी टाकते." आम्ही तेथेंच राहिलों. उतारा आणि वाटाड्या एकाच उंबऱ्याआड भेटला. परत आल्यावर शाळेच्या हिशेबाच्या वहींत हा खर्च कोणत्या सदराखालीं घालावा हा प्रश्न पडला. गाडीभाडें होतें, शिधा होता. वाटाड्याचें सदर नव्हतें. कारकुनानें तो 'किरकोळ' मध्यें घातला.

मुक्कामासाठीं राजगडावर पद्मावतीचें देऊळ आणि तोरण्यावर मेंगाईचें देऊळ यांचा उपयोग लोक करीत आले आहेत. परंतु वर राहण्याविषयींचे नियम बदलत असतात, ते पायथ्याशीं विचारून घ्यावे. माझें स्वतःचें मत विचाराल तर वर राहण्यापेक्षां खालीं गांवांत राहावें. गडावरचें पाणी टाक्यांचें, जागा थोडी, आणि रात्रींच्या गोंगाटानें त्या जागेची शोभा जाते. रायरेश्वराची गोष्ट वेगळी. कोर्ल्याच्या बाजूनें लोखंडी शिडी चढून वर गेलें कीं पठारावर जंगमांचीं घरें लागतात. शंभूच्या देवळाची पूजाअर्चा त्यांच्याकडे. आल्यागेल्याला भाकरी-पिठलें आणि अंथरूण तेच देतात. १६४५ सालच्या शपथेची परंपरा ज्या देवळाशीं निगडित आहे त्याच्या शेजारीं वस्तीला राहावयास मिळणें, हें भाग्य पंचतारांकित निवासांत मिळणार नाहीं. मात्र मंडळी अधिक असल्यास आधीं निरोप पाठवावा. पाणी आणि सरपण त्यांनाहि कष्टानें जमवावें लागतें.

मजुरी आदल्या संध्याकाळीं, गांवांतल्या आणखी एका माणसासमोर ठरवावी. म्हणजे सकाळीं कोणालाच संकोच पडत नाहीं. राजगडाहून संजीवनी माचीवरून निघून डोंगराच्या धारेनें तोरण्याच्या बुधला माचीस जावयाचें असेल, तर पुरा दिवस लागतो आणि वाटेंत पाण्याची ददात असते. आपण संध्याकाळीं वेल्ह्यास उतरून मोटारीनें पुण्याचा रस्ता धरतों. गुंजवण्याचा वाटाड्या तेथून दुसऱ्या दिवशीं पायींच घरीं परततो. ठरवितांना त्याचा तोहि दिवस मोजावयाचा असतो, आणि रात्रीचें जेवणहि.