मिसफायर : जुन्या पिकअपमधील निदान

सिलिंडरमधले हवा-इंधनाचे मिश्रण वेळेवर न पेटणे, अर्धवट पेटणे किंवा मुळीच न पेटणे म्हणजे मिसफायर. गॅरेजात याला ‘मिसिंग’ म्हणतात. या नोंदीत विचार केला आहे तो १९९६ ते १९९८ या मॉडेल-वर्षांच्या अमेरिकी शेव्हरोले सी/के पिकअपमधल्या ५.७ लिटरच्या, आठ सिलिंडरच्या व्होर्टेक पेट्रोल इंजिनाचा. हे इंजिन दोन जमान्यांच्या सांध्यावरचे आहे. एकच कॉइल, डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या लांब वायरी हा सरंजाम जुना. दोष टिपणारी ओबीडी-२ प्रणाली मात्र नवी, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झालेली. स्कॅनर पी०३०० किंवा पी०३०१ ते पी०३०८ यांपैकी एखादा कोड दाखवतो आणि लगेच प्लग मागवले जातात. घाई होते ती इथेच, कारण संगणकाला ठिणगी दिसतच नाही. आठ सिलिंडरच्या या इंजिनात क्रँकशाफ्टला दर ९० अंशांनी एक धक्का मिळतो. तो चुकला की शाफ्ट क्षणभर मंदावतो आणि सेन्सर तेवढेच मोजतो. धक्का ठिणगीअभावी चुकला, इंधनाअभावी की कॉम्प्रेशन गेल्यामुळे, हे कोडमध्ये नसते. अतिखडबडीत रस्त्यावर चाकांचे हिसके शाफ्टपर्यंत पोचूनही तसाच भास होऊ शकतो.

म्हणून मिसिंग कोणत्या परिस्थितीत होते, हा पुरावा कोडपेक्षा मोलाचा. चढावर किंवा ओझे ओढताना सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. झिजलेला प्लग, चिरलेली वायर, आतून गंजलेली डिस्ट्रिब्युटर कॅप तिथे उघडी पडतात आणि आयडलला मात्र शहाण्यासारखी वागतात. इनटेक गास्केटमधून हवा शिरत असेल तर प्रकार उलटा. आयडलला इंजिन मुळात थोडी हवा घेते, त्यात ही चोरटी हवा मोठा वाटा उचलते. रेस वाढवली की तिचे प्रमाण घटते आणि मिसिंग निवळते. याच गास्केटमधून कूलंटही गळू शकतो, त्यामुळे सकाळच्या पहिल्या स्टार्टला अडखळणारे इंजिन आणि रेडिएटरमधली घटती पातळी यांचा एकत्र विचार करावा. कोणते सिलिंडर दोषी ठरतात यालाही अर्थ असतो. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ आहे. पाच आणि सात हे सिलिंडर एकाच बाजूला शेजारी आणि क्रमातही लागोपाठ. त्यांच्या वायरी एकमेकींना समांतर चिकटून गेल्या, तर पाचच्या ठिणगीने सातच्या वायरीत व्होल्टेज उमटते आणि तिथले मिश्रण अवेळी पेटू शकते. या दोन सिलिंडरांचे कोड जोडीने आले तर इंजेक्टरआधी वायरींची मांडणी बघावी.

डिस्ट्रिब्युटरचा सापळा तर भल्याभल्यांना चकवतो. तो फिरवून इथे इग्निशन टायमिंग बदलत नाही, कारण ते क्रँक सेन्सरवरून ठरते. पण रोटर आणि कॅपचे टोक यांची गाठ चुकते, ठिणगी शेजारच्या टोकावर उडी मारते आणि पी०३०० येतो. स्कॅनरवर कॅम रिटार्ड, म्हणजे क्रँकच्या तुलनेत डिस्ट्रिब्युटर किती सरकला आहे तो आकडा, १००० आरपीएमच्या वर शून्याच्या दोन अंश अलीकडे-पलीकडे असावे लागते. नसेल तर नवी कॅप आणि नवे प्लग, दोन्ही व्यर्थ.

यावर आक्षेप असा की कॅप, रोटर आणि प्लग स्वस्त आहेत, शिवाय इतक्या जुन्या गाडीत ते बदलायचेच असतात. मुदत झाली असेल तर जरूर बदलावेत. पण ती देखभाल झाली, निदान नव्हे. सगळे एकदम बदलल्यावर मिसिंग थांबले तर दोष कशात होता ते कळत नाही, कदाचित सैल वायर नुसती नीट बसली असेल. थांबले नाही तर नव्या भागांचाही संशय वाढतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनात कॉइलची अदलाबदल करून दोष पकडता येतो, ती सोय इथे नाही. खरे आहे, पण प्लग आणि वायर यांची अदलाबदल करता येते. दोष त्यांच्यासोबत दुसऱ्या सिलिंडरला गेला तर प्रश्न सुटला. जागेवर राहिला तर कॅपचे टोक, इंधन किंवा कॉम्प्रेशन. प्लग काढलेलाच असतो, तेव्हा कॉम्प्रेशन तिथेच मोजून घ्यावे : सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७० टक्क्यांहून खाली नको आणि कोणताही १०० पीएसआयच्या खाली नको. थोडे तेल घातल्यावर आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. न चढल्यास संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गास्केटवर जातो. इंधनाकडे त्यानंतरच वळावे, कारण इंजेक्टरांचा संच इनटेक मॅनिफोल्डच्या पोटात असतो आणि तिथून निघणाऱ्या नळ्यांच्या टोकांचे पॉपेट व्हॉल्व्ह साक्याने चिकटतात. मॅनिफोल्ड उघडण्याआधी, इंजिन बंद ठेवून पंप चालवल्यावर दाब ६० ते ६६ पीएसआय येतो का ते पाहावे. कमी दाबाने निरोगी पॉपेटही नीट उघडत नाहीत.

इंजिनाचा दिवा नुसता न पेटता लुकलुकू लागला तर भाराखालची चाचणी थांबवावी. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते आणि आतली जाळी वितळते. तुंबलेला कन्व्हर्टर मग जास्त रेसला इंजिनाचा दम कोंडतो, आणि मूळ मिसिंग दुरुस्त झाल्यावरही गाडी चढावर ओढत नाही.