चिकटपट्टीवरचे नाव

विजेच्या गिटारविषयी लिहिताना आपण वादकाचे नाव घेतो, वाद्याचे घेतो; पण तारांचे कंपन पिकअपमधून ज्या पेटीत जाते तिच्याविषयी सहसा बोलत नाही. गिटारचा जो आवाज आपल्या कानांवर पडतो, त्यातला मोठा वाटा या पेटीचा, म्हणजे ॲम्प्लिफायरचा असतो. तिचा इतिहास वाचायचा तर मागची फळी काढून आत पाहावे लागते.

इलेक्ट्रॉनिक्सचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करता करता, लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधता शोधता जे समजत गेले तेवढीच माझी शिदोरी. त्याच वाटेने मी फेंडर कंपनीच्या ‘चॅम्प’ या लहानशा ॲम्प्लिफायरपाशी पोहोचलो. कारण आतून तो जवळजवळ रेडिओच आहे.

हे साम्य योगायोगाचे नाही. लिओ फेंडर यांनी १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९४८मध्ये त्यांनी नवशिक्यांसाठी ‘चॅम्पियन ८००’ हा छोटा ॲम्प्लिफायर आणला. ‘चॅम्प’ त्याचाच वंशज. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘५एफ१’ या क्रमांकाचे त्याचे सर्किट आले. त्यात व्हॉल्व्ह तीनच: वीजपुरवठ्यासाठी ५वाय३, संकेत वाढवण्यासाठी १२एएक्स७ आणि स्पीकर हलवण्यासाठी ६व्ही६. बटण एकच, आवाज कमीजास्त करण्याचे. ताकद सुमारे ५ वॅट. यातला ६व्ही६ हा १९३०च्या दशकात रेडिओसाठी निघालेला व्हॉल्व्ह आणि १२एएक्स७ हा १९४७चा. व्हॉल्व्हच्या कंपन्या आपल्या पुस्तिकांत नमुन्याची सर्किटे छापत. चॅम्पमधले टप्पे त्याच वळणाचे आहेत. या आवाजामागे काही गुप्त विद्या असल्याचे सांगितले जाते, त्याला सर्किटात आधार मिळत नाही.

गुप्त नसले तरी एक गोष्ट दुर्लक्षित जरूर आहे. या पेट्यांची जोडणी हाताने होई. कडक फायबरच्या पट्टीवर धातूच्या पोकळ रिव्हेटांत एकेक रेझिस्टर आणि कपॅसिटर बसवायचा, कापडी आवरणाची तार ओढायची, सोल्डरचा थेंब द्यायचा. फुलर्टनच्या कारखान्यात हे काम प्रामुख्याने स्त्रिया करत. त्यांतल्या अनेक जणी मेक्सिकन वंशाच्या होत्या. जुना चॅसी उघडला की पुष्कळदा आत कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा दिसतो आणि त्यावर जोडणी करणारीचे नाव असते. फक्त पहिले नाव, आडनाव नाही. शेजारी, पेटीच्या आतल्या अंगाला, व्हॉल्व्हचा तक्ता चिकटवलेला असतो; त्यावरच्या दोन अक्षरांपैकी पहिले वर्ष सांगते, दुसरे महिना. कंपनी जानेवारी १९६५मध्ये सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली गेली, त्या व्यवहाराची नोंद सर्वत्र मिळते. जोडणी करणारीची नोंद मात्र त्या बोटभर पट्टीवर आहे.

५एफ१चे सर्किट मी स्वतः जोडले ते हे काम हाताला कळावे म्हणून. आत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात, म्हणून हात घालण्याआधी ते रिते करावेच लागतात. जोडणी झाली की सुरू होते ते आवाज घडवणे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर काम करून जवारी काढतो. तंबोरा तोच, पण आवाज खुलतो किंवा मिटतो. इथेही एखाददुसऱ्या भागाने तेवढाच फरक पडतो.

पहिल्या टप्प्याच्या कॅथोडला १५०० ओहमचा रेझिस्टर असतो. त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर त्या टप्प्याची वाढ साधारण तीसपटीवरून साठपटीपर्यंत जाते. त्याऐवजी ०.६८चा लावला, तर खर्जाला तेवढी चढ मिळत नाही, मधले आणि वरचे स्वर पुढे येतात. ८ इंची स्पीकरला हे मानवते. खर्ज गढूळ होत नाही.

दुसरी जागा त्याहून रंजक. स्पीकरकडे जाणाऱ्या संकेताचा थोडा अंश २२,००० ओहममधून मागे आणून उलटा मिसळलेला असतो. ही प्रतिभरणाची युक्ती बेल लॅबोरेटरीजचे हॅरल्ड ब्लॅक यांची. २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीत त्यांना ती सुचली आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर त्यांनी ती मांडली. लांब पल्ल्याच्या टेलिफोनमध्ये एकामागून एक ॲम्प्लिफायर आले की आवाज विकृत होई. ती विकृती घालवणे हा त्यांचा हेतू. गिटारवाला मात्र अनेकदा तीच तार सोडवतो, कारण त्याला ती विकृतीच हवी असते. ती सोडवली की आवाज मोठा, खरखरीत आणि लवकर फाटणारा होतो.

हा बदल म्हणजे मूळ कृतीचा भंग, असे मानणाऱ्यांनी लंडनकडे पाहावे. १९६२मध्ये हॅनवेल भागातले ड्रमविक्रेते जिम मार्शल यांच्याकडे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्याच ‘बासमन’वरून ‘जेटीएम४५’ बनवला. सर्किट जवळजवळ तेच. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर मात्र तिथे मिळत होते ते. पहिल्या जागी १२एवाय७ऐवजी अधिक वाढ देणारा ईसीसी८३ आला, आणि निराळाच आवाज जन्मला. पुढे मार्शलच्या ॲम्प्लिफायरांत तो ०.६८चा कपॅसिटरही आला. हाताशी आहे त्यातून केलेली दुरुस्तीच इथे परंपरा होऊन बसली.

म्हणून जुन्या पेटीला हात लावूच नये, हे मत मला पटत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने सुकतात, दोन तारांच्या जुन्या वायरला अर्थिंग नसते. वाजवायची पेटी असेल तर हे बदलणे भाग आहे. पण सर्किट पुन्हा काढता येते, भाग पुन्हा मिळतात. चिकटपट्टी एकदा खरवडली की त्या बाईच्या कामाचा त्या पेटीतला पुरावा संपतो. साफसफाईच्या उत्साहात तीच आधी जाते.

दुरुस्ती करणाऱ्याने एवढे करावे: काढलेले भाग पाकिटात घालून पेटीतच ठेवावेत, काय बदलले आणि कधी, हे कागदावर लिहून सोबत जोडावे, आणि पट्टीला हात लावू नये. स्वतःचे नाव घालायचे असेल तर ते त्या कागदावर घालावे, आडनावासकट.