तीन पोरांचा हक्क

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. रजेचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. पानिपताची तारीख घडाघडा सांगणाऱ्यालासुद्धा आपल्याला भरपगारी रजा कुणी आणि केव्हा दिली हे सांगता येत नाही. आम्ही पडलो कॉमर्सचे पदवीधर. इतिहास आमचा दहावीलाच सुटला. त्यामुळे आम्ही तो वाचतो तोही खतावणीसारखा. कुणाच्या खाती जमा झाले आणि कुणाच्या नावे पडले, एवढेच बघतो. आणि रजेच्या खतावणीत एक नोंद काही केल्या जुळत नाही. ती म्हणजे मुलेबाळे असलेल्यांची रजा आणि नसलेल्यांची रजा.

कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत मे महिन्याच्या रजेची बोलणी फेब्रुवारीतच सुरू होतात. दोन मुलांचे वडील म्हणतात, ‘‘पोरांना सुट्टी तेव्हाच असते हो!’’ तीन मुलांची आई काहीच म्हणत नाही. तिचा चेहराच अर्जाला जोडलेल्या दाखल्यासारखा असतो. मग सगळ्या माना ज्याला मूल नाही त्याच्याकडे वळतात आणि कुणीतरी मायेने म्हणते, ‘‘तुम्हाला काय, तुम्ही केव्हाही जाऊ शकता!’’ हा ‘केव्हाही’ नावाचा महिना मी कालनिर्णयात पुष्कळ शोधला. जानेवारी ते डिसेंबर सगळे सापडले, तो काही सापडला नाही.

पण हा वाद बँकांनी सुरू केला असे समजू नका. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा बादशहा ऑगस्टस याला काळजी पडली की खानदानी रोमन लोक लग्ने करीत नाहीत, केली तर पोरे होऊ देत नाहीत. त्याने इ. स. पू. १८ मध्ये एक कायदा केला आणि इ. स. ९ मध्ये दुसरा. अविवाहिताला नात्याबाहेरच्या कुणी मृत्युपत्रात काही ठेवले तर ते मिळायचे नाही. लग्न होऊन मूल नसेल तर निम्मेच मिळायचे. रोममध्ये ज्याला तीन मुले, त्याला मात्र खास सवलती. त्या हक्काचे नावच मुळी ‘तीन मुलांचा हक्क’!

आमच्या विषयाशी संबंध आहे तो पुढच्या कलमाचा. रोममध्ये दोन कॉन्सल असत आणि ते महिन्या-महिन्याच्या पाळीने कारभार बघत. पहिली पाळी कुणाची? पूर्वी वयाने मोठा असेल त्याची. ऑगस्टसच्या कायद्याने ठरले की ज्याची पोरे जास्त त्याची. म्हणजे सीनिऑरिटी गेली आणि पाळणा आला. रजेच्या तक्त्याचा मूळ पुरुष शोधायचा तर तो हाच.

आता यातली गंमत पाहा. इ. स. ९ चा कायदा ज्या दोन कॉन्सलांच्या नावाने ओळखला जातो ते पापियस आणि पोपियस दोघेही ब्रह्मचारी होते. खुद्द ऑगस्टसला अपत्य एकच, एक मुलगी. आणि तिलाही त्याने पुढे हद्दपार केले. कायदा असा कडक झाल्यावर वशिलाही ओघाने आलाच. प्लिनी नावाचा मोठा लेखक आणि अधिकारी होता. त्याला मूल नव्हते. सम्राट ट्रेजनने मेहेरबानी म्हणून त्याला तीन मुलांचा हक्क बहाल केला. म्हणजे घरात पाळणा हलला नाही, पण कागदोपत्री तीन पोरे खेळू लागली. पुढे प्लिनीने आपला मित्र स्युटोनियस याच्यासाठीही शब्द टाकला आणि त्यालाही तो हक्क मिळाला. साहेबांच्या मर्जीतल्या माणसाला रजा कशी मिळते याचे कोडे ज्यांना पडते त्यांनी रोमचा इतिहास वाचावा.

रोममध्ये हक्क मिळाला तो पोरे मोजून. मुंबईत मिळाला तो माणसे मोजून. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या तरी किती साध्या! आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. त्या रविवारी सडाफटिंगही घरी बसला आणि सहा पोरांचा बापही. तुम्ही सुट्टीत काय करणार, तुम्हाला मुले किती, असे लोखंड्यांनी कुणाला विचारल्याचे ऐकिवात नाही. सुट्टी दमलेल्या माणसाची होती.

पुढचे कायदेही याच चालीचे. भरपगारी वार्षिक रजा कारखान्यांत १९४५ च्या दुरुस्तीने आली. १९४८ च्या कायद्याने हिशेब ठरवला, वीस दिवस कामाला एक दिवस रजा. बँकेत अकरा दिवसांना एक. या अकरा दिवसांत कुठेही ‘अपत्ये’ असा रकाना नाही. म्हणजे रजा मिळवताना सगळे सारखे. ती घ्यायची वेळ आली की पोरांची मोजणी सुरू!

आता कुणी म्हणेल, हा गृहस्थ लेकुरवाळ्यांवर उठला. तसे मुळीच नाही. लेकुरवाळ्यांची रजा ही रजा नसते, बदली असते. बँकेतून घरातल्या काउंटरवर. तिथे रांग हटत नाही आणि जेवणाची सुट्टीही नसते. बाळंतिणीच्या रजेबद्दल तर प्रश्नच नाही. मुंबई इलाख्यात तिचा कायदा १९२९ मध्ये झाला, देशभराचा १९६१ मध्ये, बारा आठवड्यांचा. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ते सव्वीस झाले. चांगले झाले.

पण त्या १९२९ च्या कायद्यापूर्वी मुंबईच्या विधिमंडळात जे बोलले गेले ते आमच्यासारख्या हिशेबनीसाने पाठ करून ठेवावे असे आहे. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांचे म्हणणे असे की आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा; आणि मालकालाही त्यातून मोकळे सुटता येणार नाही, कारण फायदा त्याचाही आहे. दोन नावे घेतली, सरकार आणि मालक. शेजारच्या सांच्यावर काम करणाऱ्या बाईचे नाव त्यांनी घेतले नाही.

आमची नोंद चुकते ती नेमकी इथे. मूल वाढते त्याचा लाभ सगळ्या समाजाला. पण त्याच्यासाठी घेतलेल्या रजेचा खर्च नावे पडतो तो शेजारच्या काउंटरवाल्याच्या. २००८ मध्ये केंद्र सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी सबंध नोकरीत मिळून ७३० दिवसांची रजा दिली. उत्तम केले. पण रजेवर गेलेल्या माणसाबरोबर तिचे टेबल काही रजेवर जात नाही. ते तिथेच असते, वरच्या कागदांसकट. बदली माणूस द्यायचा कचेरीने. तो ती देत नाही, आणि दोन कारकून एकमेकांच्या पोरांचा हिशेब करीत बसतात. वाचतो त्या पगाराचे काय होते, हे कुणी विचारत नाही.

यातून वाट निघत नाही असे नाही. इंग्लंडात २००३ मध्ये कामाच्या वेळा सोयीने बदलून मागण्याचा हक्क लहान मुलांच्या आईबापांना मिळाला. इतर कुरकुरले असणारच. २०१४ मध्ये तो सगळ्याच नोकरदारांना मिळाला. आईबापांचा काढून घेतला नाही. दरवाजा तेवढा रुंद केला. ऑगस्टसला न सुचलेली युक्ती ही.

आता एक खाजगी गोष्ट सांगून टाकतो. आम्हां उभयतांना मूल नाही. रजेच्या अर्जात तसे लिहायला जागा नाही, पण शाखेत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ते पाठ आहे. आमची सौ. शाळेत शिक्षिका. ज्या सुट्टीसाठी सहकारी मे महिना मागतात त्याच सुट्टीने आमचे घरही बांधलेले. वर्गातल्या चाळीस पोरांच्या वह्या आमच्या जेवणाच्या टेबलावर असतात, पण हक्काला त्यातले एकही चालत नाही. शिवाय कोकणात आई आहे. वय ऐंशी. मे महिन्यात ती आंबे उतरवून घेते, पेटीत पेंढा घालते आणि ओटीवर बसून वाट बघते. दरवर्षी फोनवर एवढेच विचारते, ‘‘पिकल्यावर येशील की सडल्यावर?’’ मला मूल नाही हे खरे. पण मी कुणाचे तरी मूल आहे, हे काही तक्त्यात बसत नाही.

म्हणून यंदा मी शाखेत एक साधी सूचना मांडली आहे. मे आणि दिवाळी पाळीपाळीने. ज्याने गेल्या वर्षी घेतली तो यंदा मागे. घरात कुणी आजारी असेल, मग ते तान्हे असो की म्हातारे, तर पाळी मोडायची आणि कुणी कुरकुरायचे नाही. आणि माणूस कमी पडला तर भांडण आपसात न करता सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज वर पाठवायचा. लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या गोळा केल्या होत्या. आम्हाला नऊच हव्या आहेत. आतापर्यंत सहा झाल्या. त्यातली पहिली सही तीन मुलांच्या आईची आहे. सही करताना त्या म्हणाल्या, ‘‘माझीही आई आहे हो, सांगलीला.’’

मी मे महिन्याचा अर्ज टाकला आहे. कारणाच्या रकान्यात लिहिले आहे : घरगुती.