आबांच्या खोल्या

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा खराडी हे मुळा-मुठेकाठचं शेतकऱ्यांचं गाव होतं. आमच्या शेजारचे आबा सांगतात, नदी शेतात शिरली ती पुण्याच्या पेठांमधली घरं घेऊनच. तुळया, दारं, एक शिसवी कपाट, एक पाळणा. ज्या वाड्यांचं ते सामान, त्यांतल्याच एकात, नारायण पेठेत, माझी आत्या वाढली. गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आली आणि दोघं ओट्यावर बोलत बसले.

आत्याच्या घरी दोन खणांत नऊ माणसं आणि अख्ख्या वाड्याला एक नळ. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली होती. त्यामुळे भाडेकरू टिकला हे खरं. पण त्या भाड्यात मालकाला डागडुजी जमेना, आणि दुसरीकडे बिऱ्हाड न्यायची भाडेकरूची ऐपत नव्हती. भिंती आतून पोकळ होत गेल्या, पुरानं त्या एका दिवसात नेल्या.

पुनर्वसनाची सूत्रं स. गो. बर्वे यांच्याकडे आली. पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त तेच. त्या वेळच्या गावाबाहेर, गोखलेनगरसारख्या ठिकाणी वसाहती उठल्या, अर्धगोल छपरांच्या घरांच्या. “उन्हाळ्यात आत बसवत नसे,” आत्या म्हणाली, “पण मोरी आमची एकट्यांची होती!” तिचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, कामाची जागा पेठेतच राहिली, म्हणून ते रोज सायकल मारत. पूरग्रस्तांच्या कितीतरी सोसायट्यांना पुढे जागा मालकीची व्हावी म्हणून दशकानुदशकं हेलपाटे घालावे लागले. तरीही इतक्या थोड्या अवधीत इतक्या लोकांना छप्पर मिळालं, हे काम मला मोठं वाटतं.

मग आबांनी आपलं काढलं. १९९७ साली खराडी महापालिकेत आली. शेतांवर आयटी पार्क उभे राहिले. ते बांधणारे गवंडी, पुढे पहारेकरी, स्वयंपाकाच्या बायका, सगळ्यांना जवळच राहायचं होतं. आबांनी उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या खोल्या काढल्या.

“एका खोलीत माणसं किती?” आत्यानं विचारलं.

“पाच-सहा.”

“आणि नळ?”

“दोन. सगळ्यांत.”

आत्या गप्प झाली. तिचा वाडा इथं पुन्हा उभा होता, फक्त सागाच्या जागी पत्रा.

महापालिकेनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. पंतप्रधान आवास योजनेत हडपसर, वडगाव आणि इथं खराडीत इमारती झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये महापालिकेच्या अशा २,६५० हून अधिक घरांचा ताबा देण्याचा सोहळा झाला. घर तीस चौरस मीटरपर्यंतचं, केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेले लाभार्थ्याचे. नगर रस्त्यावरच्या येरवड्यात त्याआधी याहून जिव्हाळ्याचं काम झालं. महिला मिलनच्या बायका आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी लोकांबरोबर बसून, आहे त्याच गल्लीत, २७० चौरस फुटांची पक्की घरं उभी केली. शेजार मोडला नाही, काम लांब गेलं नाही. गोखलेनगरला जे हरवलं ते येरवड्यात राखलं गेलं.

पण ही दोन्ही घरं मालकीची. आबांच्या खोलीतला मुलगा आवास योजनेच्या सोडतीत अर्ज करू शकत नाही. त्याच्यापाशी उरलेली रक्कम नाही, कर्जासाठी पगाराची पावती नाही, आणि तो पुढच्या वर्षी खराडीत असेलच असं नाही. त्याला भाड्याचीच खोली हवी आहे, फक्त माणसानं राहण्याजोगी. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका पेठांमधल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. तशीच पाहणी या खोल्यांची व्हायला हवी: माणसं किती, नळ किती, संडास किती, वारा येतो का. आणि उणीव भरून काढायला मुदत मालकाला द्यावी. खोली सोडायचा हुकूम भाडेकरूला नको.

हे मी आबांसमोरच बोलले. त्यांना राग आला नाही. वायरिंग जुनं झालंय, तेही बघायला हवं, असं तेच म्हणाले. आणि पाडव्याच्या आत आणखी दोन नळ घेतो, असा शब्द त्यांनी दिला, मला नव्हे, आत्याला.