क्रुपची तीन वर्तुळे : तोफा की चाके?

१/ एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे. एक वर, दोन खाली. जर्मनीतील एसेनच्या क्रुप कारखान्याचे हे बोधचिन्ह पाहून अनेकांना तोफांची तोंडे आठवतात. वस्तुतः त्यात तोफ नाही; आहे ती रेल्वेच्या चाकाची धाव.

२/ फ्रीडरिश क्रुप यांनी १८११ साली एसेनमध्ये ओतीव पोलादाचा कारखाना काढला. १८२६ मध्ये ते कर्ज मागे ठेवून वारले, तेव्हा पुत्र आल्फ्रेड अवघे १४ वर्षांचे होते. त्यांनी शाळा सोडली आणि कारखाना सांभाळला.

३/ लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो, तशीच धाव आगगाडीच्या चाकावरही असते. पूर्वी ती पट्टी वाकवून व टोके जोडून करीत. गाड्यांचा वेग आणि भार वाढला, तशी ती नेमकी सांध्यावर तडकू लागली.

४/ आल्फ्रेड यांनी सांधाच नाहीसा केला. पोलादाच्या कांबीला मधोमध चीर पाडायची, ती पाचरींनी फाकवून कडे करायचे, मग ते तापवून चाकाच्या मापापर्यंत लाटायचे. १८५३ मध्ये प्रशियात या पद्धतीला पेटंट मिळाले. अमेरिकेतील रेल्वे कंपन्याही या धावांच्या गिऱ्हाईक झाल्या.

५/ पोलादाचा कस नुसत्या नजरेला कळत नाही. दूरदेशीच्या गिऱ्हाइकाला भरवसा देतो तो मालावरचा शिक्का. १८७४ साली जर्मन साम्राज्यात व्यापारचिन्हांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १८७५ मध्ये क्रुपने तीन धावांचे हे चिन्ह नोंदवले.

६/ मग तोफांचा समज आला कुठून? १८७०-७१ च्या युद्धात क्रुपच्या पोलादी तोफा फ्रान्सच्या काशाच्या तोफांना भारी पडल्या आणि आल्फ्रेड ‘तोफांचे राजे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे दोन्ही महायुद्धांत जर्मनीला या कारखान्याने शस्त्रे पुरवली. सक्तीची मजुरी आणि लूट या गुन्ह्यांसाठी आल्फ्रेड यांचे पणतू आल्फ्रीड यांना १९४८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे १२ वर्षांची शिक्षा झाली. १९५१ मध्येच ते सुटले.

७/ १९९९ मध्ये क्रुप आणि थिसेन एक झाले. वर्तुळे आजही बोधचिन्हात आहेत. त्यांत तोफा पाहणारे रेखाटनाविषयी चुकतात, कारखान्याविषयी नव्हे. चिन्ह चाकांचेच होते; त्याला तोफांचा अर्थ चिकटला तो क्रुपच्याच कर्तृत्वाने.