ऋतुमान व त्वचासंसर्ग (उष्ण कटिबंधीय)

उष्ण कटिबंधात तापमान, आर्द्रता व पाऊस यांच्या चढउतारांबरोबर कवके, जीवाणू व परजीवी यांच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगांचे स्वरूप बदलते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोकण व गोव्यात, जून ते सप्टेंबर हा काळ कवकसंसर्गास विशेष अनुकूल असतो.

कारणे : दमट हवेत घाम वाळत नाही. त्वचेचा बाहेरचा शृंगस्तर पाणी शोषून फुगतो, घर्षणाने सोलवटतो आणि जंतूंना वाट मिळते. गजकर्णाची (नायट्याची) कवके या स्तरातील केराटिनवर पोसतात. साधारण २५° ते ३०° से. तापमान त्यांना मानवते. त्यामुळे जांघा, काखा व परकराच्या नाडीखालची कंबर येथे चट्टे आधी उठतात.

ऋतुनिहाय स्वरूप : उन्हाळ्यात घाम व तेलकटपणामुळे छाती-पाठीवर शिबे उमटतात. त्यांचे कवक त्वचेवर एरवीही असते. ते नष्ट झाल्यावरही मूळ रंग परतायला काही महिने लागतात.

पावसाळ्यातील खास विकार म्हणजे चिखल्या. भातलावणीत पाय तासन्‌तास खाचरात राहतात. बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडते, चिरते, आग होते. कवके व जीवाणू तेथे एकत्र वाढतात. याच भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही शरीरात शिरू शकतात. डास चावलेली जागा खाजवल्यास पुवाळलेले फोड येतात. खरूज मात्र अनेक ठिकाणी थंडीत वाढते. दाटीने झोपणे व सामायिक पांघरुणे तिच्या पथ्यावर पडतात.

बदलते चित्र : भारतात गजकर्ण आता बारमाही व चिवट झाले आहे. स्टेरॉइडमिश्रित मलमांनी खाज थांबते, पण संसर्ग पसरतो. ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ या २०२० मध्ये नाव मिळालेल्या कवकाचे अनेक प्रकार टर्बिनाफिन या कवकनाशक औषधाला दाद देत नाहीत.

प्रतिबंध व उपचार : अंग पुसून कोरडे करावे, सैल सुती कपडे वापरावेत, ओलसर कपडे इस्त्री करून घालावेत; टॉवेल वेगळा ठेवावा. घरातील सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार करावेत आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी करावी. लावणीच्या मजुरांना केवळ उपदेश पुरत नाही. बांधावर स्वच्छ पाणी, कोरडे फडके आणि जवळच्या आरोग्य केंद्रात योग्य मलम मिळणे हाच खरा प्रतिबंध होय.